एका वाक्यात न मावलेलं कारण : इलेक्ट्रा अपघातांचे दोन अहवाल वाचताना

प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचा कच्चा खर्डा सरांना दिला होता. त्यात एक वाक्य होतं : "१९५९ आणि १९६० मध्ये लॉकहीड इलेक्ट्रा जातीची दोन विमानं व्हर्ल फ्लटरमुळे कोसळली." सरांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून बाजूला लिहिलं, "कशावरून?"

मी जरा चिडलेच. प्रोपेलरच्या कंपनांवरचा कुठलाही शोधनिबंध उघडा, पहिल्या दोन परिच्छेदांत हे वाक्य भेटतं. माझं काम नव्या पद्धतीच्या, अनेक प्रोपेलर असलेल्या छोट्या विमानांच्या पंखांवर आहे, त्यामुळे इलेक्ट्राचं नाव घेतल्याशिवाय प्रकरणच सुरू होत नाही. पण सरांनी पुढचा प्रश्न विचारला, "मूळ अहवाल वाचलास का?" नव्हता वाचला. एका आढावा-लेखातून उचललेलं वाक्य होतं. त्या लेखकानेही बहुधा असंच कुठून तरी उचललं असणार.

मग अमेरिकेच्या सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाचे (पुढे नुसतं 'बोर्ड' म्हणते) ते दोन्ही अहवाल वाचून काढले. जे सापडलं ते संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना उपयोगी पडेल, म्हणून इथे मांडते. विमानांशी तुमचा काही संबंध नसला तरी चालेल.

आधी घटना. इलेक्ट्रा हे चार इंजिनांचं टर्बोप्रॉप विमान. म्हणजे आतलं इंजिन टर्बाइनचं, जेटच्या भावकीतलं, पण विमान ओढायचं काम पुढचा प्रोपेलर करतो. जानेवारी १९५९ मध्ये ते प्रवासी सेवेत आलं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरच्या रात्री ब्रॅनिफ कंपनीचं इलेक्ट्रा ह्यूस्टनहून डॅलसला निघालं. टेक्सासमधल्या बफेलो गावाजवळ, सुमारे १५,००० फुटांवर, त्याचा डावा पंख तुटला. विमानात ३४ माणसं होती, एकही वाचलं नाही. हवा चांगली होती. आणि विमान कंपनीच्या ताब्यात येऊन जेमतेम ११ दिवस झाले होते! धातू थकला म्हणावं तर इतक्या कोऱ्या विमानात तो थकणार कधी? महिने गेले, तपास पुढे सरकेना.

१७ मार्च १९६० ला दुसरं कोसळलं. नॉर्थवेस्ट कंपनीचं विमान शिकागोहून मायामीला चाललं होतं. इंडियाना राज्यात टेल सिटीजवळ, १८,००० फुटांवर, दुपारच्या उजेडात त्याचा उजवा पंख सुटला. ६३ जण गेले. या वेळी मात्र त्या भागात, ढगांचा मागमूस नसताना, हवेत जबरदस्त खळबळ असल्याचं इतर विमानांनी कळवलेलं होतं.

दोन्ही अहवाल १९६१ मध्ये आले. बोर्डाच्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी 'संभाव्य कारण' नावाचं एक वाक्य असतं. बातमीत तेच छापून येतं, पुस्तकात तेच जातं आणि आपल्यासारखे विद्यार्थी तेच टिपून घेतात. ही दोन वाक्यं माझ्या शब्दांत शेजारी-शेजारी ठेवते.

ब्रॅनिफबद्दल बोर्ड म्हणतं : प्रोपेलरच्या न शमलेल्या व्हर्ल मोडमधून निर्माण झालेल्या बलांनी डाव्या पंखाची रचना तुटली.

नॉर्थवेस्टबद्दल : बाहेरच्या बाजूच्या नॅसेलांच्या दोलनांमुळे पंखाला फ्लटर सुरू झाला आणि उजवा पंख हवेतच वेगळा झाला. त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टी दोन, रचनेचा कमी झालेला ताठपणा आणि तीव्र खळबळीच्या हवेत विमानाचा प्रवेश.

(नॅसेल म्हणजे पंखावरचं इंजिनाचं घर.)

आता नीट बघा. पहिल्या वाक्यात 'व्हर्ल मोड' हा शब्द आहे, पण तो सुरू का झाला याबद्दल अवाक्षर नाही. दुसऱ्यात सुरू होण्याच्या अटी आहेत, पण 'व्हर्ल मोड' हा शब्दच नाही! तो अहवालाच्या पोटात, विश्लेषणात आहे. मी माझ्या खर्ड्यात दोन्हींची भेळ करून एक तिसरंच वाक्य तयार केलं होतं. ते बोर्डाने कुठेही म्हटलेलं नाही.

हा शब्दांचा कीस वाटत असेल तर थोडं थांबा. फरक कुठे पडतो ते कळायला यंत्रणा समजून घ्यावी लागेल, आणि ती खरंच सुंदर आहे.

लहानपणी भोवरा फिरवला असेल. फिरत्या भोवऱ्याच्या डोक्याला बोटाने हलकेच ढकललं, तर तो ढकललेल्या दिशेला पडत नाही. काटकोनात सरकतो आणि डोकं गोल-गोल घुमवायला लागतो. फिरता प्रोपेलर म्हणजे आडवा धरलेला मोठा भोवराच. झोताने त्याचं नाक वर उचललं गेलं की ते बाजूलाही वळतं, बाजूला वळलं की खाली, आणि असं करत प्रोपेलरचा आस एका छोट्या वर्तुळात घुमू लागतो. घातक ठरणारं घुमणं प्रोपेलरच्या फिरण्याच्या उलट दिशेला असतं. हाच तो व्हर्ल. यात भोवऱ्यापेक्षा एक गोष्ट जास्तीची आहे : समोरून वारा येतोय. आस तिरपा झाला की पात्यांवर वाऱ्याची बलं असमान पडतात, आणि ती या घुमण्याला ऊर्जा पुरवू शकतात. वेग जितका जास्त, तितका हा पुरवठा जास्त.

धडधाकट विमानात यातून काहीच होत नाही. इंजिन पंखाला घट्ट बसवलेलं असतं, घुमणं लगेच शमतं. इलेक्ट्राची मूळ रचना शाबूत असेल, तर परवानगी असलेल्या कुठल्याही वेगाला ती सुरक्षित होती हे गणितानेही आलं आणि चाचण्यांतही. पण इंजिनाची बैठक किंवा तिच्या आसपासचा सांगाडा कुठे सैल, कमकुवत झाला असेल तर? मग घुमणं शमत नाही, वाढतं. वाढता-वाढता आणखी नुकसान करतं, त्यामुळे बैठक आणखी मऊ होते आणि घुमण्याची वारंवारता खाली येते. इलेक्ट्राच्या पंखाची स्वतःची वारंवारता सेकंदाला साधारण ३ आवर्तनं होती. घुमणं तिथवर उतरलं की झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लागल्यासारखं होतं. पंख पिळवटायला आणि लवायला लागतो. बोर्डाच्या हिशेबाप्रमाणे सुरुवातीपासून पंख तुटेपर्यंत २० ते ४० सेकंद पुरेसे होते.

म्हणजे या साखळीतली पहिली कडी व्हर्ल नाही. पहिली कडी आहे 'आधीच कमी झालेला ताठपणा'. ती नसेल तर व्हर्ल शमून जातो. नॉर्थवेस्टच्या वाक्यात ही कडी 'हातभार लावणारी गोष्ट' म्हणून शेवटी आली आहे आणि ब्रॅनिफच्या वाक्यात ती नाहीच. ११ दिवसांच्या विमानात, शांत हवेत, काय सैल झालं होतं? कधी झालं? कारखान्यातूनच तसं आलं होतं की पहिल्या काही उड्डाणांत झालं? अहवाल याचं उत्तर देत नाही. ब्रॅनिफचं कोडं सुटायला नॉर्थवेस्टचा अपघात व्हावा लागला, आणि नॉर्थवेस्टचं उत्तर मग मागे नेऊन ब्रॅनिफला लावलं गेलं.

असं मागे नेणं चूक आहे का? माझ्या मते नाही. दोन्ही वेळा बाहेरच्या इंजिनाकडचा भाग, दोन्ही वेळा पंख मुळाकडून गेलेला, एकाच जातीचं विमान. शिवाय अवशेषांमध्ये, विशेषतः नॉर्थवेस्टच्या, उलटसुलट भार येऊन गेल्याच्या खुणा होत्या. सरळ एका दिशेने जोर लागून मोडलेलं लोखंड आणि हलवून-हलवून मोडलेलं लोखंड वेगळं दिसतं. तार हाताने तोडून बघा. तेव्हा 'फ्लटर झाला' या विधानाला स्वतंत्र पुरावा आहे. पण 'बैठक आधीच सैल होती' याला तसा पुरावा नाही. ते उलट बाजूने काढलेलं अनुमान आहे : फ्लटर झाला, शाबूत रचनेत तो होत नाही, अर्थात रचना शाबूत नव्हती. तर्क म्हणून हे बरोबर आहे, पण तो उभा आहे 'शाबूत रचनेत होत नाही' या गणितावर. त्या गणितात खोट निघाली तर अनुमानही हलतं. अहवालाच्या पोटात हा क्रम दिसतो, शेवटच्या वाक्यात तो पुसला जातो.

आणि गणितात खोट असू शकते ही माझी मनची शंका नाही. याच तपासात पुढे आलं की इलेक्ट्राच्या मूळ डिझाइनमध्ये दोन गोष्टी हिशेबात पुरत्या धरलेल्याच नव्हत्या. पंख लवतो तेव्हा त्याच्या कवचाचा आकार किंचित बदलतो आणि आतल्या रिबांवर त्याचा भार येतो. तो भार धरलेला नव्हता. आणि खळबळीत बाहेरची नॅसेलं कशी हलतात, त्याचा परिणामही अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला. मी वाचलेल्या आढाव्यांपैकी एकानेही रिबांचा उल्लेख केलेला नाही. का? कारण 'व्हर्ल फ्लटर' ही गोष्ट सांगायला फार छान आहे. भोवरा आहे, वारंवारता जुळणं आहे. रिबांवरचा राहून गेलेला भार ही हिशेबनिसाची चूक, तिची गोष्ट होत नाही.

प्रयोगांकडे वळू. नासाच्या लँगली केंद्रात तेव्हा ट्रान्सोनिक डायनॅमिक्स टनेल हा नवा वातबोगदा तयार होत होता. त्यात इलेक्ट्राची एक-अष्टमांश आकाराची प्रतिकृती बसवून चाचण्या झाल्या. बैठकीचा ताठपणा मुद्दाम कमी केला की व्हर्ल फ्लटर उभा राहतो हे तिथे डोळ्यांना दिसलं. काम अव्वल दर्जाचं आहे. हूबोल्ट आणि रीड यांचं त्यानंतरचं विश्लेषण आजही या विषयाची बाराखडी मानलं जातं. पण प्रयोग 'असं होऊ शकतं' एवढं सिद्ध करतो. 'त्या रात्री टेक्सासवर असंच झालं' हे सांगायला अवशेषच लागतात. संशोधनाच्या मुलाखतीत तुम्हाला कुणी विचारलं की संख्यात्मक प्रारूप 'वैध' ठरलं म्हणजे काय, तर हा फरक आठवा.

मग येतो दुरुस्तीचा पुरावा. लॉकहीडने सगळ्या इलेक्ट्रा विमानांची दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने केली, सुमारे अडीच कोटी डॉलर लागले. त्यानंतर तशा प्रकारे पंख तुटला नाही. याच विमानापासून बनलेलं नौदलाचं पी-३ ओरायन पुढे कित्येक दशकं उडत राहिलं. याहून चांगलं प्रमाण कुठलं, असं वाटेल. पण दुरुस्तीत नेमकं काय केलं बघा : इंजिनाची बैठक मजबूत केली, नॅसेलं ताठ केली आणि पंखाचा सांगाडाही बळकट केला. तिन्ही एकदम! अभियंता म्हणून मीही तेच केलं असतं, माणसांचा जीव आहे, एकेक बदल करून वाट बघत बसायची नसते. संशोधक म्हणून मात्र कबूल करायला हवं की तीन गोष्टी एकदम बदलल्यावर कुठली लागू पडली ते त्या निकालावरून सांगता येत नाही. प्रयोगशाळेत आपण हेच करून बसतो आणि प्रबंधात 'अमुक बदलामुळे सुधारणा झाली' असं ठोकून देतो.

आता त्या लाडक्या आरोपाकडे : "हे सगळं १९३८ पासून माहीत होतं, लॉकहीडने दुर्लक्ष केलं." टेलर आणि ब्राऊन यांनी १९३८ मध्ये प्रोपेलर-इंजिनाच्या अशा अस्थिर घुमण्याची शक्यता गणिताने दाखवली होती, हे खरं. पण तो निबंध होता इंजिनाची कंपनं विमानापर्यंत पोचू नयेत म्हणून बैठक कशी करावी यावर. त्या काळच्या विमानांत ताठपणाला इतकी उसंत होती की हा धोका कागदावरच राहिला. १९४५ मध्ये रिबनर यांनी तिरप्या वाऱ्यातल्या प्रोपेलरवर कुठली बलं येतात याची सूत्रं दिली, तीही विमानाच्या स्थैर्याच्या अभ्यासासाठी. १९५० मध्ये स्कॅनलन आणि ट्रुमन यांनी फिरत्या चक्राचा भोवऱ्यासारखा परिणाम इंजिन आणि पंखाच्या कंपनांवर कसा होतो ते मांडलं. (हेच स्कॅनलन पुढे झुलत्या पुलांच्या वातशास्त्रासाठी प्रसिद्ध झाले.) भोवरा एका कपाटात, वारा दुसऱ्या कपाटात, बैठक तिसऱ्या कपाटात. पंखाचा फ्लटर बघणारा माणूस 'कंपन-विलगन' असं शीर्षक असलेला निबंध कशाला उघडेल? मी स्वतः सुरुवातीला फक्त 'व्हर्ल फ्लटर' या शब्दांनी शोध घेतला होता आणि मला १९६० च्या आधीचं काहीही सापडलं नव्हतं. तो शब्दच अपघातांनंतर रुळला. त्यामुळे लॉकहीडला दोष देताना माझी जीभ जरा अडखळते. रिबांचा भार राहून गेला, तो दोष त्यांच्या पदरात घालायला मात्र माझी हरकत नाही.

आणखी एक गफलत सार्वत्रिक आहे. १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत अमेरिकन कंपन्यांची पाच इलेक्ट्रा विमानं प्राणघातक अपघातांत गेली, आणि 'इलेक्ट्राचे अपघात' म्हणून पाचही एकाच पोत्यात भरली जातात. फेब्रुवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये विमान उतरण्याआधीच पाण्यात गेलं, ६५ मृत्यू. ऑक्टोबर १९६० मध्ये बॉस्टनला उड्डाण घेताच स्टार्लिंग पक्ष्यांचा थवा इंजिनांत शिरला, ६२ मृत्यू. सप्टेंबर १९६१ मध्ये शिकागोला एलेरॉनच्या केबलची देखभाल चुकली होती, ३७ मृत्यू. यांचा व्हर्लशी सुतराम संबंध नाही. पाच हा आकडा भीती पसरवायला पुरेसा होता. कारण शोधायला त्यातले दोनच कामाचे.

ईस्ट रिव्हरच्या अहवालाबद्दल एवढंच सांगते. तिथलं 'संभाव्य कारण' वाचून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. वैमानिकांचं आवश्यक उपकरणांकडे लक्ष राहिलं नाही, हे मुख्य. आणि मग हातभार लावणाऱ्या गोष्टींची रांग : विमानाचा अपुरा अनुभव, ऑटोपायलटचा वापर, कप्तानाच्या आल्टिमीटरची चुकलेली जुळणी, तो वाचण्यात झालेली संभाव्य गल्लत, बेताचं हवामान, डोळ्यांना होणारा भास. आल्टिमीटर नव्या, ड्रमच्या धाटणीचा होता, हे लक्षात घ्या. माणूस चुकला म्हणायचं असेल तेव्हा बोर्डाचं वाक्य भलतं लांब होतं. यंत्र चुकलं म्हणायचं असेल तर एका ओळीत आटोपतं, निदान ब्रॅनिफच्या बाबतीत. खरं तर यंत्राच्या मागेही तितकीच मोठी रांग असते.

दुसऱ्या अपघातानंतर ही विमानं जमिनीवरच ठेवा, अशी मागणी सिनेटपर्यंत गेली. एफएएचे प्रमुख क्वेसाडा यांनी ती मानली नाही. वेगाला आधी २७५ आणि काही दिवसांतच २२५ नॉटची मर्यादा घातली. व्हर्लला वारा ऊर्जा पुरवतो हे मघाशी पाहिलं, त्यामुळे वेग कमी करणं योग्य ठरलं. पण मार्च १९६० मध्ये व्हर्लचं नाव कुणी घेतलेलं नव्हतं. निष्कर्ष मे महिन्यात आला. निर्णय बरोबर निघाला म्हणून त्यामागचं ज्ञान पुरेसं होतं असं म्हणवत नाही. मधल्या दोन महिन्यांत जे प्रवासी त्या विमानांत बसले, त्यांच्या वतीने मला हे लिहावंसं वाटतं.

रॉबर्ट सर्लिंग यांचं 'द इलेक्ट्रा स्टोरी' हे १९६३ चं पुस्तक या विषयावर सर्वांत जास्त वाचलं गेलं असावं. माणसं, त्यांची धडपड, प्रतिस्पर्धी कंपन्यांनीसुद्धा लॉकहीडला केलेली मदत हे सगळं त्यात जिवंत आहे, जरूर वाचा. पण ती रहस्यकथेच्या चालीवर बांधलेली हकीकत आहे. रहस्यकथेत उत्तर सापडलं की सगळ्या खुणा त्यात बसाव्याच लागतात, आणि ब्रॅनिफचं ते ११ दिवसांचं विमान सहज बसल्यासारखं वाटून जातं. आढावा-लेखांनी अहवालापेक्षा हा सूर जास्त उचलला, असं माझं मत आहे.

माझ्या खर्ड्यातलं वाक्य आता असं आहे : "नॉर्थवेस्टच्या अपघातात बाहेरच्या नॅसेलांच्या दोलनांतून पंखाचा फ्लटर झाल्याचा निष्कर्ष अवशेषांवर आधारलेला आहे, त्यासाठी लागणारा ताठपणातला आधीचा ऱ्हास गणित आणि प्रतिकृतीवरच्या चाचण्यांवरून अनुमानित आहे, ब्रॅनिफच्या बाबतीत हा ऱ्हास कशामुळे झाला ते निश्चित झालेलं नाही." सरांनी या वेळी बाजूला लिहिलं, "लांब आहे. दोन वाक्यं कर."

केली.